चेहरा ही अमानत

दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांकडे पालकांची वर्दळ सुरू होते. पुढे काय, हा प्रश्न घेऊन ते येतात. उत्तरेही बहुधा त्यांच्याजवळ तयार असतात. डी.एड., बी.एड., आयटीआय, नर्सिंग, फार्मसी, जमले तर इंजिनिअरिंग. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत कुठेही जा, मलकापूर असो की मेहकर, खामगाव असो की देऊळगाव राजा, यादी हीच आढळते. अलीकडे मात्र या यादीबाहेरचा एक शब्द अधूनमधून कानावर येऊ लागला आहे. एखादा मुलगा, आणि आता एखादी मुलगीही, चाचरत सांगते की फोटोग्राफी शिकायची आहे, कॉलेजात जाऊन रीतसर शिकायची आहे आणि त्यावरच पुढे पोट भरायचे आहे.

घरात या वाक्याला दोन उत्तरे मिळतात. आजोबा म्हणतात, तस्वीर तर हराम आहे. वडील म्हणतात, त्यात शिकण्यासारखे काय आहे, मोबाइल सगळ्यांच्याच हातात आहे. पहिली हरकत दीनची, दुसरी दुनियेची. दोन्ही हरकती आम्ही एकाच छपराखाली ऐकल्या आहेत आणि कधी कधी एकाच तोंडून ऐकल्या आहेत. दोन्ही गंभीर आहेत, हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. पण त्यांचा विचार करता करता एक तिसरा प्रश्न समोर येतो, जो घरात कुणीच विचारत नाही. दुसऱ्याचा चेहरा टिपून नेण्याचा हक्क माणसाला कुठून मिळतो, आणि तो मिळाल्यावर त्याच्यावर कोणती जबाबदारी येते?

फोटोग्राफीच्या शिक्षणाचा प्रश्न आमच्या जिल्ह्यापुरता नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये दारुल उलूम देवबंदच्या एका फतव्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली होती. इंजिनिअरिंग शिकलेल्या एका तरुणाने दारुल इफ्ताला विचारले होते की त्याला फोटोग्राफीची मनापासून आवड आहे, त्यातच करिअर करावेसे वाटते, तर ते करावे काय? उत्तर आले की फोटोग्राफी नाजायज आहे, तो कोर्स करू नये, आपल्या शिक्षणाला साजेशी दुसरी नोकरी शोधावी. मोहतमिम मुफ्ती अबुल कासिम नोमानी यांनी पत्रकारांना खुलासा केला की ओळखपत्र, पासपोर्ट यांसारख्या गरजेपुरता फोटो काढण्यास हरकत नाही. सौदी अरबस्तानात तर फोटोला परवानगी आहे, मक्केहून नमाजचे थेट प्रक्षेपणही होते, असे विचारल्यावर ते म्हणाले की तिथे जे जे होते ते सगळे बरोबरच असते असे नाही.

त्या फतव्यावर त्या वेळी बरीच टीका झाली, थट्टाही झाली. आम्हाला मात्र फतव्यापेक्षा तो अनाम तरुण जास्त आठवतो. त्याला कुणी अडवले नव्हते. कॅमेरा घेऊन तो सरळ कामाला लागू शकला असता. तरीही आपली रोजी हलाल आहे की नाही, हे त्याने आधी विचारले. धंद्यात उतरण्यापूर्वी जो स्वतःच्या कमाईला असा प्रश्न विचारतो, त्याच्या हाती कॅमेरा सुरक्षित असतो असे आमचे मत आहे. दुर्दैव असे की विचारणाऱ्यालाच परत पाठवले गेले, आणि न विचारणारे केव्हाच कामाला लागले होते.

आम्ही मुफ्ती नाही. बी.एड.च्या पदवीवर फतवे देता येत नाहीत आणि देऊही नयेत. पण शिक्षक म्हणून दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवणे आमचे काम आहे. कयामतच्या दिवशी तस्वीर बनवणाऱ्याला, तू घडवलेस त्यात आता प्राण फुंक, असे सांगितले जाईल, हा हदीसचा आशय सर्वांना ठाऊक आहे. सूरह हश्रच्या शेवटच्या आयतीत अल्लाहच्या नावांमध्ये ‘अल-मुसव्विर’ हे नाव येते. रूप देणारा तो, म्हणून रूप देण्याचा दावा माणसाने करू नये, ही या मनाईमागची भावना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातले इजिप्तचे मोठे आलिम मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी यावर वेगळी मांडणी केली. कॅमेरा काही घडवत नाही, अल्लाहने घडवलेल्या रूपाची सावली तो धरून ठेवतो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे आलिम म्हणतात की हाताऐवजी यंत्र आले, पण निपजते ती तस्वीरच. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ सुरू केले ते सचित्र होते, हेही या वादाच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे.

भाषेने तर या वादात आपला कौल गुपचूप देऊन टाकला आहे. उर्दूत चित्र रंगवणारा ‘मुसव्विर’, पण कॅमेरा चालवणारा ‘अक्कास’. अक्स म्हणजे प्रतिबिंब, आरशात दिसते ते. मराठीने ‘छायाचित्र’ म्हटले, म्हणजे सावलीचे चित्र. दोन्ही भाषा बखीत साहेबांच्या बाजूने उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. पण रोजच्या बोलण्यात आपण मराठीत फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावे, अंगातून रक्त काढावे, तसा. उर्दूत तर आपण तो ‘खींचतो’, ओढून घेतो. काढणे आणि ओढणे या क्रियापदांत समोरच्याचे काहीतरी आपल्याकडे येते, ही जाणीव आहे. आरसा कुणाचे काही घेऊन जात नाही, कॅमेरा घेऊन जातो.

मूळ वाद आलिमांनी मिटवावा. आम्हाला एवढेच दिसते की व्यवहारात तो कधीच मागे पडला आहे. हजच्या अर्जाला फोटो लागतो. शिष्यवृत्तीला लागतो, आधारला लागतो, रेशनकार्डाला लागतो. २०१६ च्या नोव्हेंबरात तर राज्याच्या शिक्षण खात्याने असा आदेश काढला होता की जानेवारी २०१७ पासून शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून पोर्टलवर टाकावी. शिक्षकांच्या विरोधामुळे तो पुढे स्थगित झाला. ज्या घरात भिंतीवर एकही तस्वीर नाही, त्या घरातल्या मोबाइलमध्ये हजारो तस्वीरी असतात. लग्नात व्हिडिओ शूटिंगवाला येतो, करिज्मा अल्बम बनतो, आता ड्रोनही उडतो. म्हणजे फोटो काढून घेणे चालते, पाहणे चालते, पाठवणे चालते. उरलेली सगळी मनाई त्या एका मुलाच्या वाट्याला येते, जो हे काम नीट शिकून करू पाहतो. हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

आता वडिलांची हरकत. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे हे खरेच. एके काळी छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा, तो धुवायला टाकायचा आणि चार दिवस वाट पाहायची. आमच्या तालुक्यांच्या गावी बसस्थानकाजवळ हमखास एक-दोन स्टुडिओ असत. मागे निसर्गदृश्याचा पडदा, एक कुंडी, एक लाकडी खुर्ची आणि आतल्या बाजूला डार्करूम. मुले तिथे शागिर्द म्हणून राहत आणि उस्तादाचा हात पाहून शिकत. आज ते स्टुडिओ पासपोर्ट साइज, झेरॉक्स आणि लग्नाच्या ऑर्डरींवर तग धरून आहेत. ज्याला धंदा म्हणून लग्नेच करायची आहेत, त्याला शागिर्दी पुरते हे आम्हीही मान्य करतो. कॅमेरा, लेन्स, लाइट यांचा खर्च लाखांत जातो. जिनिंगमधला कामगार, गॅरेजवाला किंवा कोरडवाहू शेतकरी बाप इतका पैसा कुठून आणणार, हा प्रश्न खोटा नाही.

तरीही कॉलेजात जाऊन फोटोग्राफी शिकणे हे काही आजचे फॅड नाही. फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये जगजाहीर झाला आणि १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तिचा वर्गही सुरू झाला होता. हरिश्चंद्र चिंतामण हे तिथे शिकले आणि पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटून व्यावसायिक छायाचित्रकार झाले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीही एका हिंदी तरुणाने हेच ठरवले होते, जे आज आमच्या मुलाने ठरवले की घरात गहजब होतो. होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. कॅमेरा त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकल्या. सुरुवातीला त्यांची छायाचित्रे माणेकशांच्याच नावाने छापली जात. पुढे देशाच्या स्वातंत्र्याचे दिवस त्यांनी टिपले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दानिश सिद्दीकी हे जामिया मिल्लियाचे. तिथल्या मास कम्युनिकेशन केंद्रातून २००७ मध्ये ते बाहेर पडले, रॉयटर्समध्ये गेले, रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ च्या पुलित्झर पुरस्काराचे सहकाऱ्यांसह मानकरी ठरले. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डकला काम करीत असताना ते मारले गेले. जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना दफन केले.

आज मुंबईच्या जे.जे.त उपयोजित कलेच्या पदवीत फोटोग्राफी शिकता येते. हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स युनिव्हर्सिटीत फोटोग्राफीचीच स्वतंत्र पदवी आहे. जामियात पदव्युत्तर पदविका आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ज्याला एवढे जमत नाही त्याच्यासाठी आयटीआयच्या अभ्यासक्रमांत डिजिटल फोटोग्राफर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. चित्रकलेच्या पदवीला सीईटी द्यावी लागते, आणि इथे आमची मुले मागे पडतात. आमच्या पाहण्यातल्या कितीतरी उर्दू शाळांत चित्रकलेचा शिक्षक नाही, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसतच नाहीत. मग बारावीला एकदम एखादा मुलगा कॅमेऱ्याचे नाव काढतो तेव्हा त्याच्या पाठीशी शाळेने काहीच उभे केलेले नसते. ही उणीव भरून काढायची तर सुरुवात पाचवीपासून करावी लागेल.

पण समजा, सगळे जमले. पैसा जमला, सीईटी निघाली, घरची परवानगीही मिळाली. मग कॉलेजात शिकायचे काय? शटर, अ‍ॅपर्चर, एडिटिंग आज घरबसल्याही शिकता येते. आमच्या मते कॉलेजात जाण्याचे खरे कारण दुसरे आहे. हात तयार व्हायला उस्ताद पुरतो, पण आपल्या नजरेला चारचौघांत जाब द्यायची सवय वर्गातच लागते. तू हा फोटो का काढलास, तिला विचारले होतेस का, तो माणूस तुझ्या जागी असता तर त्याला हा आवडला असता का, असे प्रश्न तिथे मास्तर विचारू शकतात, सोबतची मुले विचारू शकतात. गिऱ्हाईक कधी विचारत नाही, आणि नोकरीत साहेबाला फोटो वेळेवर हवा असतो. या प्रश्नांसाठी लागणारी शिदोरी मात्र आमची मुले घरूनच नेऊ शकतात. ती त्यांच्या दीनियातच्या पुस्तकात आहे. फक्त कॅमेऱ्याशी तिची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

पहिली गोष्ट इजाजत. कुरआनच्या सूरह नूरमध्ये हुकूम आहे की दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेतल्याशिवाय शिरू नये. हदीसमध्ये याचे कारणही आले आहे. परवानगीचा हा नियम नजरेसाठीच केला आहे. पाय नंतर आत जातात, नजर आधी जाते. लेन्स तर नजरेहून लांब पोहोचते. आमच्या जिल्ह्यात चिखलीच्या बाजूला पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनाचे आजार झालेल्यांना घेऊन सर्व धर्मांचे लोक तिथे येतात, होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. मोकळ्या केसांनी घुमणारी बाई, स्वतःशी बडबडणारा तरुण, थकून बसलेली म्हातारी आई. कॅमेरा घेतलेल्याला तिथे चित्रेच चित्रे दिसतात. पण ज्या बाईला आपण कुठे आहोत याचेच भान नाही, ती इजाजत कशी देणार? आणि तिने नकार दिला नाही, याला होकार म्हणायचे काय? आमच्या विद्यार्थ्याने यात्रेचा फोटो जरूर काढावा, मात्र या प्रश्नावर एक रात्र तरी जागून काढावा.

इजाजतीविना चेहरे गोळा करण्याची आपल्या देशात जुनी परंपरा आहे. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. वॉटसन आणि के या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते संपादित केले. हिंदुस्थानातल्या जाती-जमातींच्या माणसांना उभे करून, बसवून फोटो काढले आणि खाली त्यांच्या स्वभावाचे शेरे मारले. कोण लबाड, कोण आळशी, कोण विश्वासू. ज्यांचे फोटो काढले त्यांना आपल्या चेहऱ्याखाली काय लिहिले जाणार आहे, हे सांगायची गरज राज्यकर्त्यांना वाटली नव्हती. मुसलमानांचा फोटो आजही वर्तमानपत्रात बहुधा टोपी, नमाज आणि बुरखा यांतच दिसतो, तेव्हा आम्हाला त्या खंडांची आठवण होते. कॅमेऱ्यामागे आपली माणसे नसली की कॅमेऱ्यापुढे आपले असे नमुने होतात.

दुसरी गोष्ट गीबत. आपल्या भावाच्या पाठीमागे त्याला आवडणार नाही असे बोलणे म्हणजे गीबत. ते खरे असले तरी गीबतच, आणि खोटे असेल तर ते बोहतान, म्हणजे तोहमत. फोटोग्राफीसाठी याहून नेमकी कसोटी आम्हाला दुसरी सापडलेली नाही. फोटोवाले म्हणतात, आम्ही जे होते तेच दाखवले. ते खरे असेल, तरीही ती गीबत असू शकते. पंगतीत घास तोंडात असताना काढलेला पाहुण्याचा फोटो, हुंड्यासाठी तुटलेल्या लग्नातली रडणारी नवरी, मध्यान्ह भोजनाला ताट पुढे करणारे अनवाणी पोर. सगळे खरेच असते. उलट ज्याचा फोटो त्याच्या पाठीमागे फिरतो, त्याला खुलासा करायलाही जागा नसते.

पण गीबतच्या नियमाला अपवादही आहेत. इमाम नववींसारख्या आलिमांनी ते मोजून दिले आहेत, आणि त्यात पहिला अपवाद मजलूमाच्या फिर्यादीचा आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याने जालिमाचे नाव घेऊन बोलावे. बातमीच्या फोटोग्राफीला जागा मिळते ती इथेच. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दानिश सिद्दीकींनी दिल्लीच्या स्मशानात एकाच वेळी जळणाऱ्या चितांची छायाचित्रे काढली. कित्येकांना ती दुःखावरचे अतिक्रमण वाटली. मेलेल्यांची अब्रू आणि मागे राहिलेल्यांचा खासगी शोक जगापुढे का मांडला, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न रास्त होता. पण त्याच दिवसांत मृतांचे आकडे आणि स्मशानातली गर्दी यांचा मेळ बसत नव्हता. आकडे बोलत नव्हते तेव्हा फोटोंनी फिर्याद मांडली. २०२२ चा पुलित्झर दानिश यांना मरणोत्तर मिळाला, तोही त्यांच्या तीन सहकाऱ्यांसह, ज्यांत काश्मीरच्या सना इर्शाद मट्टू होत्या. आमचा कल या फोटोंच्या बाजूने आहे. तरी ज्या घरातला माणूस त्या चितेवर होता, त्या घराने तो फोटो पाहू नये असे म्हटले, तर त्यांच्याशी वाद घालायची आमची हिंमत होणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगता येणे, हेच या शिक्षणाचे फळ असावे.

राहिले बोहतान. २०२० च्या जूनमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो जगभर गेले. कित्येकांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की हा मोबाइलने चढवलेला रंग आहे. पाणी खरोखरच बदलले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. पण खऱ्या फोटोवरही लोकांचा विश्वास बसला नाही, यातच आजचा सगळा काळ आला. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता न घडलेल्या प्रसंगाचे फोटो क्षणात तयार करते, न बोललेल्या माणसाला बोलायला लावते. अशा काळात, ‘मी तिथे होतो, आणि मी यात काही बदलले नाही,’ असे ज्याच्या शब्दावर मानता येईल, त्या माणसाची किंमत वाढणार आहे. फोटोग्राफर हा यापुढे गवाह असेल. आणि गवाहीत यंत्रापेक्षा माणसाचे इमान पाहिले जाते.

तिसरी गोष्ट अमानत, आणि आम्हाला ती सर्वांत मोठी वाटते. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत रॉयटर्सच्या अर्को दत्ता यांनी एका तरुण शिंप्याचा फोटो काढला. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, जिवाची याचना. तो चेहरा जगाने पाहिला. त्या गृहस्थाचे नाव सर्वश्रुत आहे, पण आम्ही मुद्दाम लिहीत नाही. त्या फोटोने जुलमाची गवाही दिली हे निःसंशय. पण पुढे तो चेहरा त्याचा राहिला नाही. तो रोजीसाठी काही काळ आपल्या महाराष्ट्रात मालेगावला आला, तर चेहरा त्याच्या आधी तिथे पोहोचलेला होता. मग तो कोलकात्याला गेला आणि काही वर्षांनी पुन्हा अहमदाबादेत परतला. राजकीय पक्षांनी तो फोटो निवडणुकीत वापरला, सूड घेऊ म्हणणाऱ्यांनीही वापरला. आपला चेहरा असा वापरू नका, असे तो सांगत राहिला. फोटो काढणाऱ्याने त्यात वाईट काहीच केले नव्हते. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की फोटो काढून झाल्यावर काम संपत नाही. ज्याची वस्तू आपल्याकडे ठेवली आहे, त्याच्याशी असलेले नाते ती वस्तू आपल्याजवळ असेपर्यंत सुटत नाही. अमानत याचा अर्थच तो.

हे फक्त मोठ्या बातम्यांपुरते नाही. आमच्या गावचा लग्नातला फोटोग्राफर नवरीचे फोटो आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. ही साधी गोष्ट फोटोग्राफरलाही माहीत नसते आणि मुलीच्या बापालाही नसते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अत्याचाराला बळी पडलेल्या वा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचा ओळख पटेल असा फोटो छापायला मनाई केली आहे. तरी असे फोटो मोबाइलवर फिरताना आम्ही पाहतो. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे अमानतीची जाण पोहोचायला हवी.

आणि म्हणूनच मुलींच्या बाबतीत घरच्यांची जी धास्ती असते, तिला आम्ही मागासलेपणा म्हणत नाही. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये दोन अ‍ॅपवर मुसलमान स्त्रियांचे इंटरनेटवरून उचललेले फोटो ‘लिलावाला’ मांडले गेले. त्यांत पत्रकार होत्या, वकील होत्या, विद्यार्थिनी होत्या. ज्या बापाने ही बातमी वाचली, तो आपल्या मुलीला कॅमेऱ्यापासून दूर ठेवू पाहत असेल तर त्याचे काळीज समजून घ्यावे. पण उपाय उलटा आहे असे आम्हाला वाटते. कॅमेरा मुलीच्या हाती असावा. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला होता. तिथे काम एका इंग्रज बाईंच्या हाती होते, जेणेकरून पर्दानशीन स्त्रियांना निर्धास्तपणे फोटो काढून घेता यावा. आपला वऱ्हाड त्या काळी नावाला निजामाचाच मुलूख होता. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर वऱ्हाडातल्या मुस्लिम लग्नांत बायकांच्या मंडपात बहुधा पुरुष फोटोग्राफरच वावरतो, आणि बायका पदराआड, ओढणीआड अवघडून बसतात. शिकलेली, इजाजत म्हणजे काय हे जाणणारी मुलगी तिथे कॅमेरा घेऊन गेली तर तिला काम कमी पडणार नाही. पर्दा आणि रोजी यांची तिथे अडचणही होत नाही.

कुणी म्हणेल, कॉलेजात जाऊन तरी इजाजत, अमानत शिकवली जाते याची खात्री काय? खात्री नाही. मोठमोठ्या संस्थांतून बाहेर पडलेल्यांनीही दुसऱ्याच्या दुःखावर नाव कमावल्याची उदाहरणे आहेत, आणि आमच्या बसस्थानकाजवळचा एखादा न शिकलेला स्टुडिओवाला मयताच्या घरी फोटो काढायला गेला तर आधी चप्पल काढून, नजर खाली घालून बसतो. अदब पदवीने येत नाही. पण पदवीने माणूस अशा जागी पोहोचतो जिथे त्याच्या अदबीचा उपयोग शेकडो लोकांना होतो. वृत्तपत्राच्या टेबलावर कोणता फोटो जावा हे ठरवायला आपला एक माणूस असणे, पाठ्यपुस्तकात मुसलमान मुलाचा कोणता चेहरा छापावा हे सुचवायला आपली एक मुलगी असणे, याला मोल आहे. त्या खुर्च्यांचा रस्ता कॉलेजातून जातो.

म्हणून आमच्याकडे असा मुलगा किंवा अशी मुलगी आली की आम्ही तिच्या वडिलांना खर्चाचा खरा हिशेब सांगतो, सरकारी संस्था कोणत्या ते सांगतो, सीईटीची तयारी कधी सुरू करायची ते सांगतो. आजोबांशी मात्र वाद घालत नाही. त्यांच्या भीतीत आम्हाला एक मोलाची वस्तू दिसते, आणि ती मुलाने आपल्या बॅगेत लेन्सच्या शेजारी जपून न्यावी असे वाटते. तस्वीर काढणाऱ्याला एक दिवस जाब विचारला जाईल, असे ते आजोबा मानतात. आलिम त्या जाबाचा अर्थ कसाही लावोत. आपण टिपलेल्या प्रत्येक चेहऱ्याबद्दल आपल्याला विचारले जाणार आहे, हे मनात धरून जो बटण दाबतो, त्याचा हात क्षणभर थांबतो. तेवढ्या क्षणात इजाजत विचारून होते.